बाहेर राहिलेलीचं पान

१२ फेब्रुवारी ७३, सोमवार

दानूचं पत्र. अडीच महिन्यांनी! आधी मेल्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, मग चष्मा शोधायला लागले. चष्मा डोक्यावर.

लग्न करायचं म्हणतो. अगं बाई! काल-परवा माझ्या मांडीवर बसून पेज खात होता. मुलगी रूथ, आपल्यातलीच, मराठी ज्यू, मुंबईची, आठ वर्षांची असताना इस्राएलला गेली. बालवाडीत शिकवते. घरचे सगळे राजी. घोडं अडलंय तिच्या आजीपाशी. म्हातारी पेणकडची, जुन्या वळणाची. म्हणते, "कवठसरकर? आपल्या लोकांत हे आडनाव मी ऐकलं नाही. गाव कुठलं?"

दानूला काय सांगता येणार? बारा वर्षांचा असताना शालोम त्याला इस्राएलला घेऊन गेला. शालोम असता तर त्यानं सांगितलं असतं. माझा धाकटा भाऊ, दानूचा बाप. जाऊन चार वर्षं होतील. मला नुसता कबरीच्या दगडाचा फोटो आला.

"आत्या, आजी म्हणते घरातल्या मोठ्या बाईनं मराठीत लिहून दिलं, गाव कुठलं, घराणं कुठलं, तर माझी हरकत नाही. आता मोठी तूच."

मोठी मीच. मोठी नि शेवटची. इथं नगरच्या भिंगारला आपली पाच घरं होती, आता एक. त्या एकात मी.

१३ फेब्रु., मंगळवार

गाव कुठलं. हा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

मी वीस वर्षांची. मुलगा पनवेलचा, पोस्टात होता. दोनदा येऊन गेला, माझ्या हातचं गोडं वरण मिटक्या मारत खाल्लं. मेंदीचा दिवससुद्धा ठरला होता. मग त्याच्या काकांनी बाबांना ओटीवर बसवून विचारलं, गाव कुठलं? आपल्या सगळ्यांची गावं कोकणात. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. तुमचं कवठसर आहे कुठं? बाबांनी सांगितलं, खाडीकाठी होतं, समुद्रानं गिळलं. काका हसले. आठ दिवसांनी निरोप आला, जमत नाही.

बाबा दिवसभर सायकलला तेल देत बसले होते.

मला वाटलं, माझ्या दातांमुळे. पुढं आहेत ना जरा. मग नर्सिंगला गेले. झालं.

१८ फेब्रु., रविवार

लिहिलं पत्र. तीन पानं. बाबांनी सांगितलं तसंच्या तसं. कवठसर, अलिबागच्या खाली, खाडीच्या मुखाशी. आपले लोक तिथं तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली म्हणत. मोठी भरती आली, गाव गेलं, नाव तेवढं राहिलं.

लहानपणी याचा मला केवढा गर्व! बाकीच्यांना गाव, आपल्याला अख्खा समुद्र.

शेवटी लिहिलं, "एलियाहू हन्नबीला स्मरून सांगते, यात खोटं नाही." आपल्या या प्रेषिताची शपथ कोणी खोटी घेत नाही, म्हातारीला हेच हवं असणार. आणि खोटं आहेच कुठं?

टपालात टाकलं. दानूचं जमू दे. जमलं तर मलिदा करीन.

२६ मार्च, सोमवार

जमलं! जमलं!

म्हातारीचं स्वतःच्या हातचं पत्र, मोठ्या-मोठ्या अक्षरांत. "मिल्काबाई, तुमची शपथ वाचली, माझी शंका फिटली. मुलगा सोन्यासारखा आहे. तुमच्यासारखी आत्या त्याला लाभली." मी दोनदा वाचलं. मग शेजारी जाऊन मार्थाला वाचून दाखवलं. मार्था म्हणजे माझी तीस वर्षांची जोडीदारीण, एकाच वॉर्डात रात्रपाळ्या काढल्या, आता भिंतीला भिंत. दर रविवारी चर्चमध्ये, आणि तरी तोंड माझ्याहून तिखट. म्हणाली, "बघ, तुझं नाही पण तुझ्या गावाचं लग्न लागलं."

हसता हसता रडले.

१ एप्रिल, रविवार

नवस फेडला. पोहे, गूळ, नारळ, वेलची, पाच फळं. पोहे महाग, नारळ त्याहून महाग, पाणी तर सोन्याच्या भावानं. दुष्काळात मलिदा करणारी मी एकटीच असेन नगरात. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, इथं एकही नाही. मीच म्हटलं तोंडातल्या तोंडात. मार्था शेजारी बसली.

बाबांसारखं एक पान बाजूला काढून उंबऱ्याबाहेर ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या घरी ही रीत पाहिली नाही. एकदा बाबांना विचारलं होतं, कुणाचं पान? "बाहेर राहिलेलीचं." कोण बाहेर राहिली? तर म्हणाले, "जेव गुमान."

मला वाटायचं गाईचं असेल.

९ मे, बुधवार

आजचं आजच लिहून टाकते.

नेवाशाच्या रस्त्याला दुष्काळी काम चालू आहे, खडी फोडायचं. बुधवारी दवाखान्याच्या गाडीबरोबर मी जाते. रिटायर झाले म्हणून काय घरी बसून भिंती मोजू? आज एका बाईचं बोट हातोडीखाली आलेलं. केसपेपर भरत होते.

नाव? तारा.

गाव? तिनं मोठ्या गावाचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "त्ये कागदावर. आमची वस्ती येगळी. कवठसर."

पेन थांबलं. परत सांग म्हटलं.

"कवठसर वो बाई. आठ-धा घरं हायेत. नाव घेन्यासारखं काय बी न्हाई."

समुद्र कुठाय म्हणून विचारणार होते. वेडी कुठली.

दुसरं असेल. एका नावाची दहा गावं असतात. पण पस्तीस वर्षं याच जिल्ह्यात नोकरी केली नि हे नाव माझ्या कानावर आलं नाही? कागदावर नाही, म्हणून आलं नाही.

१३ मे, रविवार

गेले होते. एस्टीनं फाट्यापर्यंत, पुढं तारा न्यायला आली होती. तास-दीड तास पायी. विहिरी कोरड्या, माळ नुसता भाजत होता. वस्तीत लाकडी घाणा आहे, अजून चालतो म्हणे, पण बैल गुरांच्या छावणीत, म्हणून उभा.

ताराची आजेसासू, यसूआजी. नव्वदीची तरी असेल. डोळ्यांत फूल पडलेलं, पण जीभ शाबूत. म्हटलं, आजी, या गावात पूर्वी कोणी कोकणातला तेली होता का?

जे ऐकलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, नाहीतर उद्या मीच बदलीन.

"व्हय, हुता की. माज्या आज्याच्या बी आदी. कोकनातनं घाटावर आल्ता, हितं घाना टाकला. लई सरळ मानूस. पन शनवारी घान्याला हात लावायचा न्हाई. लोक म्हनले, शनिदेवाचं पाळतोय. मंग आमी बी पाळाया लागलो. अजून शनवारी हितं घाना जुपत न्हाईत."

शनिदेवाचं! शिंगणापूर इथून जवळ, दुसरं काय सुचणार बापड्यांना. शब्बाथ पाळत होता तो, आपला विसाव्याचा शनिवार. आणि ही माणसं अजून पाळताहेत.

"आमच्या भावकीतली येक बाय त्येच्या घरात ऱ्हायली. दोन ल्योक झालं. मंग त्यो मेला पटकीनं. त्येची मानसं आली कोकनातनं. पोरं नेली, बाय ठिवली."

का ठेवली?

"त्येंच्यात चालत न्हाई म्हनले. पोरं आमच्या रक्ताची, बाय न्हाई. रोज वेशीपतुर जायाची म्हनं ती, सांच्याला परत यायाची. थोरला ल्योक म्होरं पल्टनीत लागला, घोड्यावरनं आला आयेला न्यायला. तवर ती मातीत गेल्ती. त्यानं दगड रवला. आन् गावाला म्हनला, आयेचं नाव लावू देत न्हाईत मला, तर मी गावाचं लावीन. कोन अडवनार? खांद्याला बंदूक हुती."

दगड दाखवला. निंबाखाली, वेशीकडे तोंड केलेला, गुडघाभर उंच. अक्षर एक नाही. तेलानं काळाकुट्ट. शनिवारी बायका तेल घालतात, तान्ह्या पोरांसाठी, परगावी गेलेल्यांसाठी.

तिचं नाव काय होतं?

"नाव कुनाला ठावं बाई. तेलीनबाय म्हनत्यात."

मग तिनं माझ्याकडे तोंड केलं. "तुमी कोन म्हनायच्या?"

मी म्हटलं, "दवाखान्यातली."

एवढंच म्हटलं. लाज वाटते लिहिताना.

१४ मे, सोमवार

समुद्र नव्हताच. खाडी नव्हती, भरती नव्हती. बाबांना माहीत होतं. पनवेलच्या काकांना संशय होता, म्हणून हसले. गोरे इस्राएल, काळे इस्राएल. बाप आपला, आई बाहेरची, की ते काळे. त्यांना मुली द्यायच्या नाहीत, त्यांच्या ताटात जेवायचं नाही. आजीच्या तोंडून ऐकलं होतं हे, आणि आपण गोरेच या थाटात ऐकलं होतं. पुढच्या सगळ्या आया आपल्यातल्याच, पण डाग बसला तो बसला.

आम्ही नगरला का राहिलो, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिच्याजवळ राहिलो. आणि जवळ राहून तिला समुद्रात बुडवली.

अडतीस वर्षं मी आरशात दात बघतेय.

२० मे, रविवार

मार्थाला सांगितलं. चर्चहून आली तशी धरून बसवलं. ऐकून घेतलं सगळं, मग म्हणाली, "मग आता काय करणार?"

शपथ घेतलीय मी. एलियाहू हन्नबीची.

"तुला ठाऊक नव्हतं तेव्हा."

आता आहे.

"मिल्का, लग्न होऊ दे. पोरगं झालं की सांग. मग म्हातारी काय पोराला परत पोटात घालणार आहे?"

हसले. तिचं बरोबर आहे. लग्न होऊ दे. गप्प बसायला काय लागतं? आमच्या घरात चार पिढ्या बसल्या गप्प.

२८ जून, गुरुवार

दानूचं पत्र. सण झाले की लग्न, चौदा नोव्हेंबर. सध्या लष्करात आहे, सक्तीची नोकरी, संपत आली. "आत्या, तुझ्या पत्राची गोष्ट मी छावणीत सगळ्यांना सांगितली. समुद्रात बुडालेलं गाव! माझ्या टोळक्यात मला आता त्याच नावानं हाक मारतात." रूथ म्हणते, पहिली मुलगी झाली तर तिचं नाव लाट ठेवू. तिकडच्या भाषेत काहीतरी गोड शब्द आहे.

जेवण गेलं नाही.

७ ऑगस्ट, मंगळवार

बिरड्याचा सण. इस्राएलातलं आपलं देऊळ पडलं तो शोकाचा दिवस. दिवसभर उपास, संध्याकाळी वालाचं बिरडं. काल रात्री वाल भिजत घातले, आज सोलत बसले. एकेक दाणा सोलताना मनात तेच.

देवळासाठी दोन हजार वर्षं रडतो आपण. आणि ती? तिच्यासाठी कोण रडलं? थोरला एक दगड लावून गेला आणि मलिद्याचं एक पान ठेवत राहिला. पुढच्यांनी पान ठेवलं, पण का ठेवायचं ते सांगितलं नाही. माझ्यासारखीला वाटलं गाईचं.

दानूला सांगितलं आणि मोडलं तर? मोडेल. म्हातारी तशी आहे. माझ्यामुळे मोडेल. मी त्याला दोन वर्षांचा घेतला, आई गेली तेव्हा. दहा वर्षं माझ्या कुशीत झोपला. माझं दुसरं आहे कोण?

नाही सांगितलं आणि उद्या कोणी चारचौघांत त्याच्या तोंडावर मारलं तर? माझ्यासारखा तोही आपल्यातच खोट शोधत बसेल.

बिरडं खारट झालं.

२४ सप्टेंबर, सोमवार

टाकलं. टाकलं पत्र. एकदा पेटीत गेलं की हात घालून काढता येत नाही, म्हणून सकाळी पहिलं टपाल निघायच्या आत जाऊन टाकलं.

दानूला लिहिलं, म्हातारीला नाही. ऐकलं ते सगळं. शेवटी: "मी तुला खोटं सांगितलं, तेव्हा मला ते खरं वाटत होतं. आता खरं कळलंय. रूथच्या आजीला सांगायचं की नाही हे तू ठरव, तुझं लग्न आहे. पण तुझं नाव समुद्राचं नाही, एका बाईचं आहे. तिची पोरं नेली आणि तिला ठेवली. आडनाव बदलायचं असेल तर बदल, तिकडे सगळेच बदलतात. मी रागावणार नाही."

हे शेवटचं खोटं आहे. रागावीन. पण लिहिलं.

नव्याचा सण, आपलं नवं वर्ष, परवा संध्याकाळी लागतो. मग दहा दिवसांनी दरफळणी, किप्पूरचा उपास. त्याच्या आधी ज्याचा अपराध केला त्याची माफी मागायची असते. माणसामाणसांतलं देव माफ करत नाही.

मार्था म्हणाली, "वेडी आहेस. थांबायचं होतंस." मग माझ्यासाठी चहा टाकला.

२६ सप्टें., बुधवार

माफी मागायची दुसरी जागा राहिली होती. कवठसरला जाऊन आले. औंदा पाऊस बरा, भुईमूग हिरवागार. बैल छावणीतून परत आलेत.

यसूआजीला म्हटलं, आजी, मागं मी खोटं बोलले. मी त्या थोरल्याची. माझं नाव मिल्का कवठसरकर.

तिनं मला जवळ बसवलं. मग माझा हात चाचपला, मनगटापासून कोपरापर्यंत, जनावर पारखतात तसा. म्हणाली, "आलीस व्हय. लई उशीर केला गं." आणि आत तोंड करून ताराला ओरडली, "भाकरी टाक, आपली पोरगी आली."

अठ्ठावन्नाव्या वर्षी पोरगी.

दानूबद्दल सगळं सांगितलं. फोटो दाखवला. तिला दिसत नाही, तरी डोळ्यांशी नेऊन धरला.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपार. सूर्य मावळायच्या आत दार लावायचं. दरफळणीला आपण दार लावून घेतो, एक रात्र एक दिवस, पांढरे कपडे, पाणी नाही, बाहेरच्याचा स्पर्श नाही. आजी सांगायची, त्या दिवशी आपले मेलेले घरात येतात, आत बसतात, दुसऱ्या दिवशी जातात.

दरवर्षी पुण्याला जाते आपल्या लोकांच्या देवळात. यंदा गेले नाही. पत्र यायचं असेल तर.

मेलेले आत येतात. आणि दार लावलेलं. मग ती कुठं बसते?

कडी हातात धरून उभी राहिले किती तरी वेळ. मग सोडून दिली. यंदा दार उघडं राहील. देव रागावला तर रागावू दे, त्याची नि माझी ओळख जुनी आहे.

७ ऑक्टो., रविवार

काल दिवसभर उपास नीट गेला. दार उघडं, उंबऱ्यात ऊन. कोणी आलं नाही. ती आली असेल तर मला कळलं नाही.

दिवेलागणीला मार्था धावत आली, दार उघडं म्हणून सरळ आत. किप्पूरला ती कधी उंबरा ओलांडत नाही, तीस वर्षांत नाही. म्हणाली, "मिल्का, रेडिओवर सांगताहेत. लढाई लागली तिकडे. आजच. तुमच्या सणातच."

अजून उपास सोडला नव्हता. पाण्याचा तांब्या हातात तसाच.

दानूची नोकरी संपायला तीन आठवडे होते. तीनच.

११ ऑक्टो., गुरुवार

सकाळ-संध्याकाळ मार्थाकडे रेडिओपाशी. वाळवंट, कालवा, रणगाडे. माणसाचं नाव सांगत नाहीत कुठं.

टपाल बंद आहे म्हणे तिकडचं. मग माझं पत्र? पोहोचलं असेल लढाईच्या आधी? आणि ते खिशात घालून गेला असेल? देवा. हौसेनं सांगत होता सगळ्यांना, समुद्रातलं गाव. तेवढं तरी राहू द्यायचं होतं त्याच्यापाशी. कोणी मागितलं होतं खरं माझ्याकडे? तोंड आवळून बसले असते तर काय बिघडलं असतं?

मार्था म्हणाली, रड. मी म्हटलं, येत नाही.

१८ ऑक्टो., गुरुवार

पत्र! पोस्टमननं दुरूनच उंच धरलं. दानूचं अक्षर. ओट्यावरच बसले.

एक ऑक्टोबरचं. लढाईच्या आधीचं. माझं पत्र मिळालेलं नाही. वाटेत एकमेकांना ओलांडून गेलेली दोन पत्रं.

"आत्या, लग्नाचा सदरा शिवला. रूथ म्हणते गळा मोठा आहे. तू आलीस तर बरं होईल, पण एवढे पैसे कुठून. मी ठरवलंय, आडनाव बदलायचं नाही. इथं साहेब म्हणतो, लांब आहे, उच्चारता येत नाही, छोटं काहीतरी घे. मी म्हटलं, अख्खं गाव बुडालं, तेवढं एकच वर आलंय, ते मी कसं बुडवू?"

आता रडले. मार्थाच्या खांद्यावर डोकं घालून, लहान मुलीसारखी, मोठ्यानं.

२९ ऑक्टो., सोमवार

लढाई थांबली म्हणतात. दानूचं काही नाही. म्हातारीला तार केली. उत्तर नाही. शेजारी दिवाळीचे आकाशकंदील अजून लटकताहेत. मार्थानं तिच्या देवाजवळ मेणबत्ती लावली, मला न सांगता. मी पाहिलं.

रोज अकराला ओट्यावर जाऊन उभी राहते. पोस्टमन आता वळणावरूनच मान हलवतो.

रोज वेशीपतुर जायाची म्हनं ती.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

शब्बाथचा दिवा लावायच्या आत लिहून काढते.

दुपारी दारात यसूआजी! ताराचा हात धरून. नव्वदीची बाई, फाट्यापर्यंत बैलगाडी, पुढं एस्टी. पत्ता विचारत विचारत भिंगारला. पडवीत टेकली, घटाघटा पाणी प्याली. म्हटलं, आजी, कशाला आलात एवढ्या लांब?

"ताराच्या मालकानं सांगितलं, तिकडं लढाई झाली. आपलं पोरगं कसं हाय?"

म्हटलं, कळलं नाही अजून.

"उद्या शनवार. समद्या बाया तेल घालनार त्येच्या नावानं. म्या सांगितलं समद्यांला. पन पुरं नाव ठावं न्हाई मला. देवापुढं पुरं नाव घ्यावं लागतंय. त्येच इचाराया आले."

नाव विचारायला! मी सांगितलं. दानिएल शालोम कवठसरकर.

तिनं तोंडातल्या तोंडात चार-पाचदा घोकलं. दानिएल जमेना, दान्याल म्हणाली. कवठसरकर मात्र एका दमात. मग विचारलं, "मंजी अजून लावतोय गावाचं नाव?"

मी म्हटलं, लावतो.

माझं पत्र त्याला मिळालं की नाही, मिळाल्यावर लावेल की नाही, तो आहे की नाही, यातलं काही मला माहीत नाही. तरी म्हटलं, लावतो. एलियाहू हन्नबीची शपथ घेतली नाही.

मार्थानं दोघींना जेवू घातलं. जाताना यसूआजीनं कमरेची बाटली काढून दिली, चिंधीचं बूच. भुईमुगाचं तेल, औंदाचा पहिला घाणा. गुरुवारी गाळलेलं. "उद्या घाना बंद," म्हणाली, जसं मला माहीत नाही.

तेच तेल दिव्यात ओतलंय. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल, वात. एवढ्यात लावीन.

मार्था विचारून गेली, उद्या शनिवार, शब्बाथ. तुमच्यात पाकीट फोडत नाहीत ना? टपाल तर शनिवारीही येतं. आलं तर मी फोडू का?

म्हटलं, आण माझ्याकडेच. दार उघडं आहे.